ब्रेकचा हट्टी बोल्ट

बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या विमानतळाच्या रस्त्याने व्हाइटफील्डकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत मारतहळ्ळी लागते. हळ्ळी म्हणजे कानडीत खेडे. परंतु खेड्याची खूण तेथे आता नावापुरतीच उरली आहे. जवळच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विस्तीर्ण कारखाना आहे, आणि त्या कारखान्यात तयार झालेल्या ‘मरुत’ विमानावरून गावाचे हे नाव पडले, अशी एक कथा हौसेने सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, मराठी वाचकास या परिसराविषयी आपुलकी वाटण्यास दुसरे अधिक भक्कम कारण आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साह्याने १९४० च्या डिसेंबरात विमानांचा हा कारखाना काढला, आणि १९४४ साली मुंबईस मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. आपल्या देशात विमानही व्हावे आणि मोटारही व्हावी, असा त्या एकाच गृहस्थाचा ध्यास होता.

त्या प्रीमियर कंपनीची फियाट, म्हणजे पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी, ज्यांच्या दारात उभी असे, त्यांना ब्रेकच्या कामाचे फारसे भय वाटत नसे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि बहुतेक बोल्ट सरळ षट्कोनी डोक्याचे. चार पाने, एक जाड स्क्रूड्रायव्हर, एक हातोडी आणि रविवारची सकाळ एवढ्या सामग्रीवर हौशी मालक ब्रेक उघडून आत डोकावत असे.

आज मारतहळ्ळीच्या आसपास नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या गाड्याही त्यांच्यासारख्याच महाराष्ट्रातून आलेल्या असतात. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. स्कोडा तर त्याआधीच २००१ पासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात गाड्या जोडू लागली होती. या गाड्यांचे चाक काढून आत पाहावे तो षट्कोनी डोके क्वचितच दिसते. कोठे सहा पाकळ्यांची चांदणी, कोठे बारा टोकांचे नक्षीदार भोक, कोठे आत खोल दडलेला ॲलनचा खड्डा. घरातील पानांची पेटी उघडावी तर त्यातले एकही अवजार नीट बसत नाही. त्यात बोल्ट गंजलेला असला, की काम तेथेच अडते.

मारतहळ्ळीकरांना गंजाचा अनुभव नवा नाही. २०२२ च्या सप्टेंबरात जी अतिवृष्टी झाली, तीत यमलूर, बेळ्ळंदूर आणि बाहेरील वर्तुळाकार रस्त्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. इमारतींच्या तळघरांतून पाणी साचले आणि तेथे उभ्या केलेल्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन पुसून पुन्हा चालू करता येते. पण बोल्टच्या आट्यांत शिरलेले पाणी कोणी पुसत नाही. ते तेथेच राहते आणि आपले काम करीत राहते. एरवीही बंगळुरात नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपतो न संपतो तोच ऑक्टोबरातला परतीचा पाऊस येतो, आणि घरून काम करणाऱ्यांच्या गाड्या आठवडेच्या आठवडे ओल्या तळघरात उभ्या राहतात.

मराठीत स्क्रूला आपण ‘पेच’ म्हणतो, आणि अडचणीलाही ‘पेच’च म्हणतो. भाषांतराचे काम करणाऱ्यास अशा शब्दाची फार गंमत वाटते, कारण दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतील असा प्रसंग त्यास सहसा मिळत नाही. तळघरात गुडघे टेकून न सुटणाऱ्या बोल्टाकडे पाहत बसलेल्या गृहस्थाला तो आयताच मिळतो.

कोणता बोल्ट काय धरून आहे?

अवजार हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी, आणि आमच्या मते या साऱ्या कामात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. समोरचा बोल्ट नेमके काय धरून आहे? ब्रेकमधले सगळे बोल्ट सारख्या मोलाचे नसतात. कित्येक गाड्यांत डिस्कच्या तोंडावर एक-दोन लहान स्क्रू असतात. चाक काढलेले असताना डिस्क जागची हलू नये एवढेच त्यांचे काम. चाक बसवून त्याचे बोल्ट आवळले, की डिस्क चाकाच्या दाबानेच घट्ट धरली जाते. असा स्क्रू बिघडला, त्याचे डोके ड्रिलने कापून टाकावे लागले, तरी आकाश कोसळत नाही.

याच्या उलट कॅलिपरचा आधार ज्या दोन जाड बोल्टांनी चाकाच्या सांध्याला जखडलेला असतो, त्यांच्यावर ब्रेक दाबल्याबरोबर सारा भार येतो. कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांचे बोल्ट मधल्या प्रतीचे. आणि ब्रेक ऑइलच्या वाटेवरचे जे भाग, म्हणजे नळीचा नट, रबरी नळीचा पोकळ बोल्ट, हवा काढण्याची लहान निपल, ते आकाराने क्षुल्लक दिसले तरी त्यांच्याशी झटापट करणे म्हणजे पॅडलखालचा दाबच पणाला लावणे होय. पहिल्या प्रकारच्या स्क्रूवर छिन्नी चालवावी. तिसऱ्या प्रकारच्यावर चालवू नये. घरच्या कामात होणाऱ्या मोठ्या चुका बहुधा हा भेद न ओळखल्याने होतात. हातात जोर कमी पडला म्हणून होणाऱ्या चुका त्या मानाने थोड्या.

डोक्याची पारख

ॲलनचा षट्कोनी खड्डा गेल्या शतकाच्या आरंभीचा. अमेरिकेत १९१० च्या सुमारास तो प्रचारात आला. चौफुलीच्या आकाराचा फिलिप्स स्क्रू १९३० नंतरच्या दशकातला. सहा पाकळ्यांचा टॉर्क्स १९६७ साली अमेरिकेतील कॅमकार कंपनीने काढला. प्रत्येक आकारामागे काही विचार आहे. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, म्हणून जोर वाढला की स्क्रूड्रायव्हर वर उचलला जाऊन निसटतो. टॉर्क्सच्या भिंती उभ्या असल्याने तसे होत नाही, आणि म्हणूनच मोटार कारखान्यांनी त्याचा इतका स्वीकार केला.

फसगत होते ती सारख्या दिसणाऱ्या आकारांत. जर्मन पद्धतीच्या गाड्यांत बारा टोकांचा एक खड्डा आढळतो. तीन चौरस एकमेकांवर फिरवून ठेवावेत तसा त्याचा आकार. घाईत पाहिले तर तो टॉर्क्स वाटतो. त्यात टॉर्क्सचे बिट घातले तर ते बसल्यासारखेही वाटते आणि थोडे फिरतेही. मग ‘कट्’ असा आवाज होतो आणि टोके सपाट होतात. म्हणून विजेरी लावून टोके मोजावीत: सहा की बारा? दुसरी फसगत ॲलनच्या मापाची. फोक्सवॅगनच्या व तत्सम अनेक गाड्यांच्या कॅलिपर पिनांना सात मिलिमीटरचे ॲलन लागते, आणि बाजारातल्या साध्या जुडग्यात सहानंतर एकदम आठ येते. सहाच्या ॲलनला कापडाचा तुकडा गुंडाळून काम भागविण्याची युक्ती आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. ही युक्ती म्हणजे बोल्ट बिघडविण्याचा राजमार्ग आहे, असे आम्ही नि:शंकपणे म्हणतो. जे. सी. रोडवर किंवा एस. जे. पी. रोडवर जाऊन सात मिलिमीटरचे एक चांगले बिट विकत आणण्यात अर्धा दिवस गेला, तरी तो वाया गेला असे मानू नये.

जपानी धाटणीच्या गाड्यांच्या डिस्कवर फिलिप्ससारखे दिसणारे स्क्रू असतात, आणि त्यांची अडून बसण्याची ख्याती जगभर आहे. त्यांना बहुधा तीन नंबरचा जाड टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. घरोघरी असतो तो दोन नंबरचा. येथे हातोडीने ठोकावयाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर खरा उपयोगी. त्याच्या पाठीवर घाव घातला, की तो घाव खाली दाबही देतो आणि त्याच क्षणी किंचित फिरकीही देतो, त्यामुळे टोक निसटावयास अवकाशच मिळत नाही. स्कूटर-मोटारसायकलींच्या जुन्या मेस्त्रींकडे हे अवजार हमखास असे. मोटारवाल्या गृहस्थांनी ते विकत घ्यावे. फार महाग नाही.

अवजार योग्य असले तरी खड्डा स्वच्छ नसेल तर सारे व्यर्थ. रस्त्याची माती, ब्रेकची काळी भुकटी आणि गंज मिळून त्यात दगडासारखा थर बसतो, आणि बिट निम्म्याच खोलीवर टेकते. एखादा दाभण किंवा टोकदार खिळा घेऊन तळापर्यंत खरवडावे, तारेच्या ब्रशाने घासावे, मग बिट हलक्या हाताने ठोकून पूर्ण आत बसवावे. हे पाच मिनिटांचे काम. परंतु पुष्कळदा याच पाच मिनिटांवर पुढचा दिवस अवलंबून असतो. साफ करताना भुकटी तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि इतर भुकटीही फुप्फुसांस हितकर नव्हे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे, आणि मुलांना तोवर दूर ठेवावे.

बोल्ट का अडतो

लोखंड गंजले म्हणजे गंजाला मूळ लोखंडाहून अधिक जागा लागते. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत ही वाढ झाली, की बोल्ट जणू पाचर मारल्यासारखा आवळला जातो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात असला तर ओलाव्यात दोन धातूंची विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन पांढरी भुकटी जमते, तीही तितकीच चिवट. तिसरे कारण कारखान्यातूनच आलेले: हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांवर एक प्रकारचा डिंक लावलेला असतो. आणि चौथे कारण आपले आपणच निर्माण केलेले, ते म्हणजे हवेच्या बंदुकीने बेहिशेबी आवळलेला बोल्ट.

गंजावर तेल चालते, डिंकावर चालत नाही. आट्यांत झिरपणारे तेल आदल्या संध्याकाळी थोडेसे लावावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, बेताचे ठोके द्यावेत. ठोक्यांनी गंजाचा थर तडकतो आणि तेलास वाट मिळते. घरोघरी आढळणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली निघाला तो मुळात पाणी हटविण्यासाठी. त्याने काही बोल्ट सुटतात, पण खास आत झिरपणारे तेल त्याहून सरस. मात्र हे तेल पॅडवर अथवा डिस्कवर उडाले तर घात होईल. मध्ये जाड पुठ्ठा धरावा. पॅड तेलाने माखले तर ते धुऊन वापरण्याचा मोह टाळून सरळ फेकून द्यावेत.

डिंक मऊ पडतो तो उष्णतेने. येथे उघडी ज्योत घरी वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भोवती रबराचे भाग असतात, आत ब्रेक ऑइल असते. शिवाय ब्रेक धुण्याच्या काही द्रवांत क्लोरिनयुक्त पदार्थ असतात. असा द्रव तापलेल्या धातूवर किंवा ज्योतीत सापडला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला तोच हा वायू. बंद तळघरात याचा विचार दोनदा करावा. गरम हवेच्या बंदुकीने हळूहळू शेक दिला तर पुष्कळदा काम भागते. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून ॲल्युमिनियमच्या भागात बसलेला बोल्ट शेकाने लवकर सैल होतो.

जोर किती, आणि कोणीकडे

आठ मिलिमीटर जाडीचा, ८.८ प्रतीचा साधा पोलादी बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरला आवळावयाचा असतो. तीस सेंटिमीटर लांबीच्या दांड्यावर वीस किलोंचा जोर दिला, की जवळपास ६० न्यूटन-मीटर होतात. त्यावर नळी चढवून दांडा दुप्पट केला तर १२० च्या घरात जातात. म्हणजे ज्या नळीने चाकाचा नट सुटतो, तीच नळी पिनेचा बारीक बोल्ट सहज मोडू शकते. लांब दांडा जाड बोल्टांसाठी राखून ठेवावा.

बोल्ट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा, हे ऐकावयास उफराटे वाटते. पण गंजाची पकड एकदा दोन्हीपैकी कोणत्याही दिशेने तुटली म्हणजे झाले. मग सोडवावा, पाव फेरा सुटला की पुन्हा थोडा आत घ्यावा, तेल घालावे, पुन्हा सोडवावा. कानाने व हाताने सारे कळते. ‘कुर्र’ असा कोरडा आवाज आला तर बोल्ट सुटतो आहे. दांडा रबरासारखा मऊ मऊ फिरू लागला आणि आवाज नाही, तर बोल्ट पिळतो आहे आणि मोडण्याच्या बेतात आहे, तेथेच थांबावे.

दिशेचा घोटाळाही नित्याचा. कॅलिपरच्या बोल्टांची डोकी गाडीच्या आतल्या बाजूस असतात आणि आपण बाहेरून, वाकून, हात मागे घालून काम करतो. त्या अवघडलेल्या स्थितीत डावे-उजवे उलटते, आणि मनुष्य पूर्ण ताकदीनिशी बोल्ट आवळीत राहतो. बोल्टच्या डोक्यासमोर आपला चेहरा आहे अशी कल्पना करावी, म्हणजे चूक होत नाही. ज्या गाडीत बोल्टबरोबर पिनही फिरू लागते, तेथे पिनेचा चपटा भाग पातळ तोंडाच्या दुसऱ्या पान्याने धरावा.

हे सारे चालले असताना गाडी नुसत्या जॅकवर नसावी. सपाट जमीन, चाकांना लाकडी ठोकळे, चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच सैल केलेले, आणि खाली भक्कम घोडी. हट्टी बोल्टाला हिसके द्यावे लागतात आणि हिसक्यांनी जॅक घसरतो. नेहमीचे पॅड बदलणे आणि अडलेला बोल्ट सोडविणे यांत धोक्याचा हा फरक आहे. सुटलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये; तारेने वर बांधावा. एका वेळी एकच चाक उघडावे, म्हणजे दुसरे चाक नमुना म्हणून पाहता येते.

बिघडलेले डोके

ॲलनचा खड्डा गोल झाला तर किंचित मोठ्या मापाचे टॉर्क्स बिट त्यात हातोडीने ठोकून बसवितात. कडा धातूत रुतल्या, की बोल्ट बहुधा सुटतो. बिट मात्र बळी पडू शकते. बाहेरचे डोके गोल झाले असेल तर आतून उलट्या पिळाचे दाते असलेले सॉकेट मिळते. जितका जोर द्यावा तितके ते रुतत जाते. डिस्कवरच्या स्क्रूला करवतीने खाच पाडावी, अथवा छिन्नी काठावर तिरपी धरून फिरवीत न्यावा, किंवा सरळ डोके ड्रिल करावे. मारुतीच्या कित्येक गाड्यांच्या मागील ड्रमवर तर दोन रिकामी आट्यांची भोके मुद्दाम ठेवलेली असतात; त्यांत आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळीत गेले, की गंजून चिकटलेला ड्रम आपणहून पुढे येतो. पुष्कळांना ती भोके कशासाठी आहेत हे ठाऊक नसते आणि ते बिचाऱ्या ड्रमला हातोडीने बदडत असतात.

मोडलेल्या बोल्टात भोक पाडून उलट्या आट्यांचा काढणखिळा घालण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये. तो खिळा अतिशय कठीण पोलादाचा व ठिसूळ असतो. आत मोडला तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही.

आता तिसऱ्या प्रकारच्या भागांविषयी. हवा काढण्याची निपल पोकळ असल्याने सहज मोडते. तिला बारा टोकांचे नव्हे, सहा टोकांचे सॉकेट लावावे, आणि एका बेताच्या प्रयत्नात न सुटल्यास तशीच सोडावी. ब्रेकच्या धातूच्या नळीचा नट मऊ असतो. त्याला साधा उघड्या तोंडाचा पाना लावला तर डोके गोल होते, म्हणून त्याचा जवळजवळ पूर्ण वेढणारा खास पाना येतो. तो नसेल तर नटाला हात लावू नये. येथे, किंवा कॅलिपरच्या आधाराचा बोल्ट पिळू लागला तर, सर्व पुन्हा जागच्या जागी लावून जाणत्या मेस्त्रीस घरी बोलवावे. ब्रेक अर्धवट सुटलेली गाडी चालवीत गॅरेजपर्यंत नेण्यात फार मोठा धोका आहे; बोलावणे शक्य नसेल तर ती ओढून न्यावी.

परत लावताना जुना बोल्ट स्वच्छ करून चालेल की नवाच हवा, हे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असते. कित्येक ठिकाणी नवाच घ्यावयाचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातील त्याच जाडीचा कोणताही बोल्ट चालणार नाही. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात, ते पोलादाच्या बळाचे निदर्शक, १०.९ च्या जागी ८.८ लावणे म्हणजे कमकुवत बोल्टावर भार टाकणे. सरकणाऱ्या पिनांना ब्रेकसाठी बनविलेले सिलिकोनचे ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबरी टोप्या फुगून खराब होतात. शेवटी टॉर्क रेंचने पुस्तिकेतील आकड्याला आवळावे. हे अवजार शेजारी-पाजारी मिळून एक घेतले तरी पुरते. इमारतीत दहा गाड्या असतील तर दहा रेंच कशाला हवेत?

चाक बसले, गाडी खाली आली, तरी किल्ली फिरविण्याची घाई नसावी. दट्ट्या मागे ढकलल्यामुळे पॅडल पहिल्यांदा तळापर्यंत जाते. ते कडक लागेपर्यंत अनेकदा दाबावे आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. घरातील कोणास पॅडल दाबून धरावयास सांगून आपण विजेरीने प्रत्येक सांधा पाहावा, कोठे थेंब दिसतो काय ते. मग तळघरातच, सपाटीवर, पायी चालण्याच्या गतीने दोन-चारदा गाडी थांबवून पाहावी, आणि त्यानंतरच ती चढणीने वर रस्त्यावर काढावी.